विश्लेषण : गोलंदाज हवा, पण कर्णधार नको? पालवणकर बाळूंची कारकीर्द काय सांगते?

भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. त्याच्या २१ वर्षे आधी एका भारतीय गोलंदाजाने इंग्लंडच्या एकाच दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले होते. या गोलंदाजाचे नाव पालवणकर बाळू. इंग्रजी धावफलकावर ते ‘पी. बाळू’ असे लिहिले जाई. मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणे या नोकरीतून ते हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज झाले. मात्र त्या संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळाले नाही. पुढे ते राजकारणात आले, पुणे करारावर त्यांनी सही केली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध निवडणूकही लढवली. क्रिकेट आणि जात या दोन्ही इतिहासांत त्यांचे नाव महत्त्वाचे का आहे, याचा हा आढावा.

बाळू नेमके कोण होते?

बाळू यांचा जन्म १८७०च्या दशकाच्या मध्यास धारवाड येथे, मराठी बोलणाऱ्या चर्मकार कुटुंबात झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावाशी नाते सांगणारे. वडील लष्कराच्या सेवेत होते. त्यामुळे कुटुंब पुण्यात आले आणि बाळूंचे बालपण लष्करी वस्तीच्या परिसरात गेले.

त्या काळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांना गावच्या शाळेत किंवा पाणवठ्यावर जागा नव्हती. लष्कराच्या छावणीत परिस्थिती थोडी वेगळी होती. तेथे नोकरी, थोडेफार शिक्षण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचे खेळ जवळून पाहण्याची संधी मिळे. अधिकारी टाकून देत ते जुने बॅट-बॉल मुलांच्या हाती पडत. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांची क्रिकेटशी ओळख अशाच वातावरणात झाली. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघेही भाऊ पुढे नामांकित खेळाडू झाले. एकाच घरातून चार दर्जेदार क्रिकेटपटू येणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

गोलंदाजी ते कुठे शिकले?

बाळूंना प्रशिक्षक कधी लाभला नाही. त्यांची पहिली नोकरी पुण्यातील पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये होती आणि पगार होता महिना ३ रुपये. मैदान झाडायचे, खेळपट्टी सपाट करायची आणि सभासदांना गरज पडली तर चेंडू टाकायचे, असे कामाचे स्वरूप होते. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये लागले. तेथे पगार वाढला आणि कामेही वाढली. सरावाच्या जाळ्या बांधणे, रोलर फिरवणे, टेनिस कोर्टवर रेषा आखणे ही सगळी कामे त्यांच्याकडे आली.

क्लबमधील गोऱ्या सभासदांना फलंदाजीचा सराव हवा असे आणि त्यासाठी कोणीतरी तासन् तास चेंडू टाकणे भाग होते. ते काम बाळूंकडे आले. कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळातील युरोपियनांचे आघाडीचे फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस, असे त्यांनी ठरवले होते, अशी गोष्ट सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, ग्रेग यांच्यासारख्या फलंदाजाला रोज चेंडू टाकल्याने बाळूंची गोलंदाजी तयार झाली, यात शंका नाही.

या सरावात फलंदाजीची पाळी बाळूंवर कधी येत नसे. बॅट हाती घेणे हा साहेबांचा हक्क आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम, अशी विभागणी होती. म्हणूनच पूना क्लबमधली वर्षे त्यांना गोलंदाज म्हणून घडवणारी ठरली, फलंदाज म्हणून नव्हे.

त्यांच्या गोलंदाजीत काय खास होते?

बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज होते. अशा गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेरच्या बाजूला वळतो. फलंदाज पुढे येऊन खेळला तर चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाकडे किंवा स्लिपमध्ये जातो. मागे राहिला तर सरळ आलेला चेंडू यष्ट्यांवर आदळण्याची भीती असते. त्यामुळे फलंदाज कायम दोन मनांत असतो.

बाळू चेंडूचा वेग आणि उंची सहज बदलत आणि टप्पा हवा तिथे ठेवत. त्या काळी खेळपट्ट्या पावसापासून झाकल्या जात नसत. ओल्या खेळपट्टीवर चेंडू अधिक वळे आणि बाळूंसारखा अचूक गोलंदाज आणखी धोकादायक ठरे. इंग्लंडचे विख्यात डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी त्यांची तुलना होत असे.

हिंदू संघात प्रवेश कसा मिळाला?

पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंना पूना क्लबच्या युरोपियन संघाला हरवायचे होते. गोऱ्यांच्या सर्व फलंदाजांच्या खोडी ठाऊक असलेला गोलंदाज शहरातच होता. अडचण होती ती त्याच्या जातीची. संघातील काही ब्राह्मण खेळाडूंचा त्याला घेण्यास विरोध होता. दुसऱ्या बाजूला काही खेळाडू त्याला घेण्याच्या मताचे होते. बाळूंना बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे मत खुद्द ग्रेग यांनी जाहीरपणे मांडले. अखेर बाळूंना संघात घेण्यात आले.

त्यांना घेण्यामागे सगळ्यांचे हेतू सारखे नव्हते. काहींना सुधारणा हवी होती, तर अनेकांना फक्त विजय हवा होता. पण निर्णय झाला आणि निकालही लगेच दिसले. बाळू संघात आल्यावर पुण्याच्या हिंदूंनी पूना क्लबला हरवले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धही त्यांनी विजय मिळवला आणि त्या सामन्यात बाळूंनी सात बळी घेतले.

मैदानाबाहेर काय घडत होते?

मैदानावर चेंडू सगळ्यांचाच होता. बाळूंच्या हातून सुटलेला चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षक अडवत, पुन्हा त्यांच्याच हाती देत. चामड्याच्या त्या चेंडूला विटाळ होत नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र नियम बदलत. इतर खेळाडू तंबूत बसून कपातून चहा घेत. बाळूंना तो बाहेर, फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात मिळे. जेवणासाठी त्यांचे ताट वेगळे मांडले जाई. हातपाय धुण्याचे पाणीही त्यांच्याच समाजातला माणूस आणून देई.

विजयानंतर हा विरोधाभास झाकणे अवघड झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला. ज्याच्यासोबत खेळायला चालते त्याच्यासोबत खायलाही चालले पाहिजे, अशा आशयाची भूमिका त्यांनी घेतल्याचे नोंदवले गेले आहे. सुधारकांच्या सभांमध्ये जे वर्षानुवर्षे सांगितले जात होते, ते आता क्रिकेटच्या निमित्ताने लोकांसमोर आले होते.

मुंबईत गेल्यावर काय बदलले?

१८९०च्या दशकाच्या अखेरीस, प्लेगच्या काळात, बाळू पुण्याहून मुंबईला गेले. तेथे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली. रेल्वेच्या संघाकडून ते खेळू लागले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघातही त्यांची निवड झाली. येथेही आधी काही सभासदांनी विरोध केला, पण तो मागे पडला. मुंबईत वातावरण पुण्यापेक्षा काहीसे मोकळे होते आणि संघातील सहकाऱ्यांसोबत एकाच पंगतीत जेवण्याची मोकळीक बाळूंना पुढे तेथेच मिळाली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन संघांमध्ये सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियन संघ १९१ आणि १०२ धावांत बाद झाला. हिंदूंनी हा सामना १०९ धावांनी जिंकला आणि त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. शिवरामही या संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद मुंबईभर साजरा झाला. सामाजिक सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने या विजयाचे श्रेय पालवणकर बंधूंना संघात घेण्याच्या निर्णयालाही दिले.

१९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू यांच्यात तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. भारतात त्या काळी क्रिकेटची याहून मोठी स्पर्धा नव्हती. या स्पर्धेत बाळू जवळपास दीड दशक हिंदू संघाचे हुकमी गोलंदाज होते.

१९११च्या इंग्लंड दौऱ्यात काय झाले?

१९११ मध्ये पहिल्यांदाच विविध धर्मांच्या खेळाडूंचा मिळून एक भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग. त्यांचे वय तेव्हा अवघे १९ होते. राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे ते वर्ष असल्याने महाराजांचा बराच वेळ समारंभांत आणि मेजवान्यांत गेला. थोडेच सामने खेळून ते संघापासून दूर झाले.

संघाची कामगिरी एकूण साधारण राहिली. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले आणि २ अनिर्णित राहिले. पण बाळूंची आकडेवारी वेगळी होती. संपूर्ण दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले आणि प्रत्येक बळीमागे १९ पेक्षा कमी धावा दिल्या. यातील ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले. ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी.

लेस्टरशायरविरुद्ध भारतीय संघाला कौंटी संघावरचा पहिला विजय मिळाला. या सामन्यात बाळूंनी ११ बळी घेतले. पुढे सॉमरसेटविरुद्ध संघाने केवळ एक गडी राखून विजय मिळवला आणि त्यात शिवराम यांनी नाबाद शतक ठोकले. प्रथम श्रेणीतले भारताचे दोनच विजय होते आणि दोन्हींत पालवणकर घराण्याचा हात होता.

मायदेशी परतल्यावर बाळूंचे मोठे स्वागत झाले. अस्पृश्य समाजातील तरुणांसाठी ते एव्हाना आदर्श झाले होते. तरुण भीमराव आंबेडकर यांनाही त्यांच्याविषयी मोठा आदर होता. ज्या समाजाला गावाच्या वेशीबाहेर ठेवले जात होते, त्याच समाजातल्या माणसाची दखल इंग्लंडच्या मैदानांवर घेतली गेली होती.

मग कर्णधारपद का मिळाले नाही?

१९१० ते १९२० या दशकात हिंदू संघात बाळूंइतका अनुभव कोणाकडेच नव्हता. त्यांना कर्णधार करावे, अशी मागणी वारंवार झाली. निवड मात्र दर वेळी उच्चवर्णीय खेळाडूची होई.

यामागचे एक कारण क्रिकेटच्या रचनेतच होते. इंग्लंडमध्येही हौशी आणि व्यावसायिक असे खेळाडूंचे दोन वर्ग होते. पैसे न घेता खेळणारे ‘जेंटलमन’, तर पैशांसाठी खेळणारे ‘प्लेयर्स’. गोलंदाजीचे कष्टाचे काम बहुतेक व्यावसायिकांवर पडे आणि कर्णधार मात्र हौशी असे. दोन्ही वर्गांच्या कपडे बदलण्याच्या खोल्याही अनेक ठिकाणी वेगळ्या होत्या. विसाव्या शतकात इंग्लंडचा कसोटी संघ व्यावसायिक खेळाडूच्या हाती नेहमीसाठी सोपवला गेला तो १९५२ मध्ये, लेन हटन यांच्या रूपाने. हौशी आणि व्यावसायिक हा भेद तर १९६२ मध्ये संपला.

भारतात या वर्गभेदावर जातीची आणखी एक पायरी होती. कर्णधार गोलंदाजाला चेंडू देतो, क्षेत्ररक्षकांना इकडून तिकडे हलवतो, प्रतिस्पर्धी संघाच्या प्रमुखाशी बरोबरीने बोलतो. अस्पृश्य मानलेल्या माणसाने ब्राह्मण, प्रभू, सारस्वत खेळाडूंना आज्ञा द्यायची, हे निवडणाऱ्यांना पचत नव्हते. त्याच्याकडून बळी घ्यायला हरकत नव्हती. त्याचा हुकूम घ्यायला होती.

सहकाऱ्यांमध्ये सगळेच असे नव्हते. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी आपल्या सत्कारातच हा मान ज्येष्ठ खेळाडू म्हणून बाळूंना मिळायला हवा होता, असे सांगितले. ही कबुली महत्त्वाची होती, पण तेवढ्याने निवडीची पद्धत बदलली नाही.

१९२०चा वाद काय होता?

१९२०च्या चौरंगी स्पर्धेचे सामने पुण्यात होते. पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यासाठी नवा कर्णधार निवडायचा होता. वय झाल्याचे कारण असो वा अन्य काही, बाळूंना संघातच घेतले गेले नव्हते. विठ्ठल तेव्हा हिंदू संघाचे सर्वोत्तम फलंदाज मानले जात होते. मात्र कर्णधारपद दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. देवधर हे स्वतः मोठे खेळाडू होते, हे पुढील काळाने सिद्ध केले. पण ज्येष्ठता आणि कामगिरीच्या निकषावर आपल्याला डावलले गेले, अशी विठ्ठल यांची भावना होती.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि त्यामागचे कारण निवेदनातून जाहीर केले. जातीमुळे होणारा अन्याय आता सहन करणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. वर्तमानपत्रांत वाद पेटला. वातावरण गांधींच्या आंदोलनाने भारलेले होते आणि अस्पृश्यता हा विषय राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर आलेला होता. दोन्ही बाजूंनी लोक बोलू लागले.

अखेर समझोता झाला. अंतिम सामन्यासाठी पै परतले. बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि दोन्ही भाऊ खेळायला आले. पारशी संघाविरुद्धच्या त्या सामन्यात पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. हा त्यांच्या कारकिर्दीचा शेवटचा टप्पा होता. ज्या मानासाठी दशकभर मागणी होत होती, तो त्यांना मिळाला तो काही तासांपुरता आणि मित्राच्या सौजन्याने.

पुढच्या पिढीला काय मिळाले?

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल यांना हिंदू संघाचे कर्णधार करण्यात आले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. विजयानंतर विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरवण्यात आले. त्यांना उचलणाऱ्यांत उच्चवर्णीयही होते. पुढेही त्यांनी संघाला यश मिळवून दिले. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्रही त्यांनी मराठीत लिहिले.

बाळू आणि विठ्ठल यांच्यातला फरक गुणवत्तेचा नव्हता. बाळूंनी २० वर्षे उत्तम खेळ केला आणि संधीची वाट पाहिली. विठ्ठल यांनीही उत्तम खेळ केला, पण भावासोबत खेळण्यास नकार देऊन प्रश्न चव्हाट्यावर आणला. बाहेरच्या राजकीय वातावरणाने त्या नकाराला बळ दिले. संघाला आपली गरज आहे हे बाळूंच्या खेळाने सिद्ध केले होते. त्या गरजेची किंमत मागण्याचे काम धाकट्या भावांनी केले.

बाळू राजकारणात कसे आले?

निवृत्तीनंतर बाळू मुंबईतील अस्पृश्य समाजाचे एक प्रतिनिधी म्हणून ओळखले जाऊ लागले. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य वर्गांना स्वतंत्र मतदारसंघ देण्यात आले, म्हणजे त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडायचे होते. डॉ. आंबेडकर यांचा स्वतंत्र मतदारसंघांना पाठिंबा होता. महात्मा गांधी यांनी त्याविरुद्ध येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले.

बाळूंची भूमिका संयुक्त मतदारसंघांच्या बाजूची होती. मद्रासचे नेते एम. सी. राजा यांच्यासोबत त्यांनी तडजोडीसाठी प्रयत्न केले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला आणि त्यावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव होते. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्याऐवजी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. प्रांतिक कायदेमंडळांतील अशा जागांची संख्या निवाड्यातील ७१ वरून १४८ झाली.

१९३३ मध्ये बाळूंनी हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली, पण ते हरले. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबई विधानसभेसाठी थेट डॉ. आंबेडकर यांच्यासमोर उभे केले. डॉ. आंबेडकर यांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. दोघांतील अंतर २,०२० मतांचे होते.

एकेकाळी ज्यांच्याविषयी अभिमान बाळगला, त्यांच्याशीच डॉ. आंबेडकर यांना लढावे लागले. या लढतीकडे व्यक्तींमधला संघर्ष म्हणून पाहणे अपुरे ठरेल. हिंदू समाजात राहून, त्याचे मन वळवून जागा मिळवता येईल, हा बाळूंचा विश्वास होता. त्यांचे आयुष्य त्याच मार्गाने पुढे गेले होते. सद्भावनेवर विसंबून हक्क मिळत नाहीत, त्यासाठी स्वतःची राजकीय ताकद लागते, असे डॉ. आंबेडकर यांचे म्हणणे होते. गंमत अशी की कर्णधारपदाबाबत बाळूंच्या स्वतःच्या घराचा अनुभव दुसऱ्या म्हणण्याला अधिक दुजोरा देणारा होता.

वाशिमच्या वाचकांसाठी याचे महत्त्व काय?

बाळू वाशिमचे नव्हते. पण त्यांनी सही केलेल्या कराराचा परिणाम वाशिमपर्यंत पोहोचला. बाळू खेळत होते त्या काळात, १९०५ मध्ये, जुना वाशिम जिल्हा मोडून त्याचा भाग अकोला जिल्ह्याला जोडण्यात आला. वाशिमला पुन्हा जिल्ह्याचा दर्जा मिळाला तो १ जुलै १९९८ रोजी. पुणे कराराच्या वेळी हा भाग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता आणि करारात या प्रांताच्या वाट्याला २० राखीव जागा आल्या होत्या.

आज वाशिम विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उमेदवार अनुसूचित जातीचा असतो, पण मतदान मतदारसंघातील सर्व जाती-धर्मांचे लोक करतात. संयुक्त मतदारसंघात राखीव जागा या पद्धतीचे मूळ पुणे करारात सापडते. ही पद्धत प्रतिनिधीला सर्वांशी जोडते की त्याला स्वतःच्या समाजापेक्षा इतरांवर अधिक अवलंबून ठेवते, हा वाद १९३२ मध्ये होता आणि आजही संपलेला नाही. बाळू आणि डॉ. आंबेडकर त्या वादाच्या दोन बाजूंना उभे होते.

विक्रमांच्या यादीत त्यांचे नाव का दिसत नाही?

बाळूंची प्रथम श्रेणीतील आकडेवारी अशी : सामने ३३, बळी १७९, प्रत्येक बळीमागे सरासरी १५.२१ धावा. एकूण धावा ७५३. आजच्या गोलंदाजांच्या तुलनेत सामने थोडे वाटतात, कारण त्या काळी वर्षाला असे मोजकेच सामने होत. रणजी करंडक सुरू झाला १९३४ मध्ये, म्हणजे बाळू निवृत्त झाल्यानंतर. भारत कसोटी खेळू लागला तोही त्यांच्या निवृत्तीनंतर. त्यामुळे कसोटीच्या तक्त्यांत शोधले तर त्यांचे नाव सापडत नाही.

दुसरे कारण चौरंगी स्पर्धेच्या विस्मरणात आहे. धर्मावर आधारलेल्या या स्पर्धेवर पुढे टीका वाढली आणि १९४०च्या दशकात ती बंद झाली. स्पर्धेसोबत तिच्यातले खेळाडूही लोकांच्या आठवणीतून दूर गेले. इतिहासकारांनी जुनी वर्तमानपत्रे आणि विठ्ठल यांचे आत्मचरित्र यांचा आधार घेऊन बाळूंची कहाणी पुन्हा समोर आणली.

४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे मुंबईत निधन झाले. सांताक्रूझ येथील अंत्यसंस्कारांना क्रिकेटपटू आणि अनुसूचित जातींचे लोकप्रतिनिधी दोघेही उपस्थित होते. त्याच्या पाच वर्षे आधी लागू झालेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले होते. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, १९३७ मध्ये बाळूंना २,०२० मतांनी मागे टाकणारे डॉ. आंबेडकर.